निरुपद्रवी

नोरीनने बटाट्याची साल एका लांब फितीत उतरवली, ती सिंकमध्ये पडू दिली आणि दुसरा बटाटा हातात घेताघेता स्वतःशीच पुटपुटली,

"डेलला बीजगणित येईना. मग त्याच्या हाती बंदूक दिली. ती मात्र त्याला आली."

टेबलाशी वर्तमानपत्र उघडून बसलेल्या आर्विद सोल्बर्गने पान उलटायला उचललेला हात तसाच ठेवला.

"काय म्हणालीस?"

"मी? काही नाही." तिने नळाखाली बटाटा धरला. "ती ओळ रे, त्या मुलीची. सकाळपासून डोक्यात बसलीय. ग्रंथालयात पुस्तकांवर शिक्के मारतानाही तेच चाललं होतं."

"तीन ओळी आहेत त्या."

"असतील. मी मोजल्या नाहीत."

आर्विदने पान उलटलं. पलीकडच्या पानावर धान्याचे भाव होते आणि ते तो बराच वेळ वाचत राहिला. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. त्याच्या एकुलत्या एका कवितासंग्रहाच्या पहिल्या पानावर 'नोरीनला' असं छापलेलं होतं, आणि त्या संग्रहातली एकही ओळ त्याने तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तिने तो वाचला नव्हता असं नाही. एका रविवारी पलंगावर बसून, चष्मा लावून तिने तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला होता आणि 'छान आहे रे' म्हणत त्याच्या केसांतून हात फिरवला होता. तेव्हा त्याला ते पुरेसं वाटलं होतं.

"तुम्ही तिला काढून नाही ना टाकणार?" नोरीनने विचारलं.

"मी समितीत आहे. घरी त्यावर बोलायचं नसतं."

"मी समितीला नाही विचारलं. तुला विचारलं."

"मीठ बेताने घाल," तो म्हणाला आणि वर्तमानपत्राची घडी करू लागला.

विद्यापीठाच्या वर्धापनदिनाला एका विद्यार्थ्याने स्वतःची कविता वाचायची, हा तिथला जुना रिवाज होता. या वर्षीची कविता आर्विदनेच निवडली होती. माळरान, पहिले वसाहतकरी, नांगर, पहाटेचा वारा असं सगळं तिच्यात होतं. लिहिणारी बर्निस कुचेरा तिसऱ्या वर्षाला होती. पश्चिमेकडच्या एका लहानशा गावातून आलेली, शाळेची बस चालवणाऱ्या बापाची मुलगी. मागच्या हिवाळ्यात ती त्याच्या वर्गात बसायची, खिडकीकडची जागा धरून, फारसं न बोलता. तिच्या एका कवितेखाली त्याने लाल पेन्सिलीने 'संयम हवा' असं लिहिलं होतं आणि 'बी' दर्जा दिला होता.

वर्धापनदिनाला ती मंचावर चढली, हातातला टाइप केलेला कागद तिने घडी करून कोटाच्या खिशात ठेवला आणि दुसरीच कविता तोंडपाठ म्हटली. डेल हा तिच्या गावचा मुलगा. तो याच विद्यापीठात होता. पहिल्या वर्षी बीजगणितात नापास झाला, विद्यापीठाने पटावरून नाव कमी केलं, आणि नाव कमी झालं तशी विद्यार्थी म्हणून असलेली सैन्यभरतीची सूट गेली. लष्कराचं बोलावणं आलं. व्हिएतनाममधून तो पेटीत परत आला. कवितेत एवढंच होतं. समोर पहिल्या रांगेत कुलगुरू होते, त्यांची बायको होती, आणि विद्यापीठाच्या अनुदानावर ज्यांची सही लागायची ते सिनेटर मांडीवर हॅट ठेवून बसले होते. शेवटी, पट राखणाऱ्या सगळ्यांना उद्देशून, बर्निसने एक शब्द वापरला. तो शब्द गोठ्यात आणि बराकीत चालतो, मांडवात चालत नाही.

सगळा गदारोळ त्या शब्दावरून उठला. आर्विदला मात्र तो शब्द आठवत नसे. त्याला आठवायची त्याच्या आधीची शांतता. त्याने आयुष्यात पुष्कळ काव्यवाचनं केली होती. लोक खोकायचे, खुर्च्या सरकवायचे, बायका पर्सची चेन उघडून पुन्हा लावायच्या. त्या दिवशी त्या मांडवात कुणी खोकलं नव्हतं.

*

चौकशीच्या दिवशी सकाळी डीन हार्लन फॉस त्याला प्रशासन इमारतीच्या पायऱ्यांवर भेटला. हार्लन शिस्तपालन समितीचा अध्यक्ष होता. जाडजूड, घाम पुसत बोलणारा, आणि मनाने वाईट नसलेला माणूस. दोघं पूर्वी एकाच गल्लीत राहायचे.

"झोप झाली का तुझी?" हार्लनने विचारलं. "माझी नाही झाली. रात्रभर फोन. सिनेटर म्हणतो, ही पोरगी जून उजाडायच्या आत घरी गेली पाहिजे. कुलगुरू काही म्हणत नाहीत, पण त्यांचं काही न म्हणणं तुला माहीत आहे."

"शिस्त मोडलीच आहे तिने," आर्विद म्हणाला. "मंजूर केलेला मजकूर बदलला. शब्द देऊन फिरवला."

"तेच. तू तसं म्हणशील असं वाटलंच होतं. तुझं मत धरून आमचे तीन होतात." हार्लनने रुमाल खिशात कोंबला. "पण एक भानगड आहे. न्यूयॉर्कहून फोन येतोय. त्या मासिकाचा." त्याने नाव सांगितलं. "निकाल कधी म्हणून विचारतात. काढून टाकली तर म्हणे पूर्ण कविता छापणार, तिच्या फोटोसकट. आणखीही आहेत का म्हणून चौकशी करत होता तो माणूस. पुस्तकाचं काहीतरी बोलत होता."

आर्विद एक पायरी वर चढला होता. तो तिथेच थांबला.

"कोण बोलत होतं?"

"नाव विसरलो बघ. संपादकच होता. भारी गोड बोलतो."

त्या मासिकाच्या नकाराच्या चिठ्ठ्या कशा असतात हे आर्विदला ठाऊक होतं. साईच्या रंगाचा जाड कागद, छापील दोन ओळी आणि खाली कुणाचीही सही नाही. सुरुवातीला तो त्या जपून ठेवायचा, नंतर फाडायचा, आणि आता पाठवणंच बंद केलं होतं.

"आणि काढून टाकली नाही तर?" त्याने विचारलं.

"तर काय? तर बातमीच नाही. कशाला छापतील? रोज कुणी ना कुणी पोरगी कुठे ना कुठे कविता म्हणतेच आहे."

हिरवळीवर मुलं बसली होती. गिटार होतं, कॉफीचे थर्मास होते, एक कुत्रा होता. दोन झाडांच्या मध्ये पलंगपोस ताणून बांधला होता आणि त्यावर निळ्या रंगाने, हातभर अक्षरांत, डेलच्या तीन ओळी रंगवल्या होत्या. वाऱ्याने कापड फुगायचं तेव्हा अक्षरं पुढे यायची. आर्विदने वाचायचं नाही असं ठरवलं, आणि वाचलं. मुली गालाला हात लावून गवतात बसल्या होत्या. त्याच्या वर्गातला एक आडदांड फुटबॉलपटू, ज्याला वृत्त म्हणजे काय हे त्याने सबंध सत्रभर शिकवूनही कळलं नव्हतं, तो त्या ओळी ओठांतल्या ओठांत म्हणत होता.

हार्लन पुढे गेला. आर्विद मागे राहून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी सुटलेली नव्हती.

*

चौकशीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. बाहेरच्या बाकावर एक माणूस टोपी गुडघ्यावर धरून बसला होता. त्याच्या कोटाच्या बाह्या आखूड होत्या. आर्विद जवळून गेला तसा तो उठून उभा राहिला आणि कुणासाठी उठलो हे न कळून पुन्हा बसला. तो बर्निसचा बाप असणार.

आत लांब टेबलामागे समितीचे पाच जण बसले. हार्लन मध्ये, आर्विद त्याच्या उजवीकडे. पलीकडच्या टोकाला वनस्पतिशास्त्राच्या मिस टॉलिव्हर होत्या. त्यांना एका कानाने कमी ऐकू यायचं, म्हणून त्या नेहमी टोकाला बसत. समोर एकट्या खुर्चीवर बर्निस. करडा स्कर्ट, घरी शिवलेला, आणि केस मागे घट्ट बांधलेले. मंचावरची ती हीच का, असं वाटावं इतकी ती साधी दिसत होती.

"मिस कुचेरा," हार्लनने सुरुवात केली, "तुमची कविता आधी वाचून मंजूर केली होती, बरोबर?"

"हो."

"मग ऐनवेळी दुसरी का म्हटलीत?"

"ती वाईट होती, सर."

हार्लनने आर्विदकडे पाहिलं. आर्विदने पाण्याचा ग्लास थोडा बाजूला सरकवला.

"तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं," हार्लन म्हणाला.

"हो. म्हणजे बक्षीस मिळावं म्हणूनच लिहिली होती. रात्री खोलीत मोठ्याने म्हणून बघितली तर माझी मलाच लाज वाटली." ती आर्विदकडे वळली. "सॉरी, सर."

"असू दे," आर्विद म्हणाला.

मग त्या शब्दाबद्दल विचारणा झाली. तो शब्द सभ्य आहे का? नाही. मग का वापरला? दुसरा सापडला नाही. शोधला का? हो, पुष्कळ. माफी मागाल का? खुर्चीची कडा तिने दोन्ही हातांनी धरली होती.

"कुलगुरूंच्या बायकोची मागीन," ती म्हणाली. "त्यांचा काही संबंध नव्हता."

मिस टॉलिव्हरना हसू आलं आणि ते त्यांनी रुमालात लपवलं.

हार्लनने समितीला बोलायला सांगितलं. कायद्याच्या प्राध्यापकाने शिस्तीचे नियम वाचले. त्याच्या शेजारच्याने अनुदानाचा विषय काढला. मग हार्लन म्हणाला, "आर्विद, तू. साहित्यातला तू आहेस."

आर्विदने चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सकाळपर्यंत त्याचं बोलणं तयार होतं. विश्वासभंग, मंजूर मजकूर, समारंभाचं पावित्र्य. खिडकीतून खालची हिरवळ दिसत होती, आणि फुगलेल्या पलंगपोसाचा निळा कोपरा.

"मला वाटतं," तो सावकाश म्हणाला, "आपण हिला कसलीही शिक्षा करू नये."

हार्लनची पेन्सिल थांबली.

"हे खाजगी कॉलेज असतं तर मालकाची मर्जी चालली असती. हे राज्याचं विद्यापीठ आहे. या टेबलामागे बसलेलो आपण सरकार आहोत, हार्लन. आणि सरकारने शब्दांसाठी माणसाला शिक्षा करायची नसते, हे आपण पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. परीक्षेत विचारतोसुद्धा. त्यांनी तसं लिहिलं नाही तर गुण कापतो. हिने दगड मारला नाही, दार अडवलं नाही, कुणाचं बोलणं बंद पाडलं नाही. हिला बोलायला बोलावलं होतं आणि ही बोलली. शब्द वाईट होता. असेल. वाईट शब्दांसाठीच स्वातंत्र्य लागतं. चांगल्या शब्दांना कोण अडवतंय?"

तो स्वतःच्याच आवाजाने चकित झाला. आवाज स्थिर होता, भारदस्त होता. मिस टॉलिव्हर ऐकू येणारा कान पुढे करून ऐकत होत्या. बर्निस त्याच्याकडे टक लावून पाहत होती आणि तिच्या चेहऱ्यावर इतका उघडा विश्वास होता की त्याने नजर हार्लनकडे वळवली.

"हे तत्त्व झालं," हार्लन म्हणाला. "सिनेटरला तत्त्व सांगू?"

"त्याला दुसरं सांग." आर्विद खुर्चीत किंचित पुढे झाला. "त्याला सांग, घाबरण्यासारखं यात काय होतं? एका पोरीचा राग होता. मनापासूनचा, कबूल. पण कविता म्हणून बघाल तर त्यात फार काही नाही. तीन-चार ठळक ओळी, कानाला लागतात, आणि मग संपतं. असं दरवर्षी कुणीतरी लिहितं. उन्हाळा आला, पोरं घरी गेली, की कुणाच्या लक्षात राहणार नाही. आपण हिला काढलं तर मात्र ती कविता होईल. आपणच करू तिची कविता. सोडून द्या. ताकीदसुद्धा नको, पत्र नको, काही नको. निरुपद्रवी गोष्टीला शिक्षा करून उपद्रवी कशाला करायचं?"

कायद्याचा प्राध्यापक मान हलवू लागला. अनुदानवाल्याने हुश्श केलं. हे तत्त्वापेक्षा सोपं होतं, आणि फोनवर सांगता येण्यासारखं होतं.

बर्निसने खुर्चीच्या कडेवरचे हात उचलून मांडीवर ठेवले होते. ती आता आर्विदकडे पाहत नव्हती. टेबलाच्या पुढच्या फळीवर लाकडाची गाठ होती, तिच्याकडे पाहत होती.

कसलीही शिक्षा नाही, असं ठरलं. विरोधात एकच मत पडलं.

*

बाहेर बातमी आधीच पोचली होती. पायऱ्यांवर मुलांनी टाळ्या वाजवल्या. फुटबॉलपटूने आर्विदचा हात धरून खांदा निखळेल इतका हलवला. बर्निसचा बाप टोपी हातात घेऊन पुढे आला.

"साहेब, तुम्हीच ना? आतून आवाज येत होता." त्याने हात पुढे केला. हात खरखरीत आणि गरम होता. "पहिल्यापासूनचं ऐकलं मी. मला सगळं नाही कळलं, पण तुम्ही बोललात चांगलं. हिची आई आठवडाभर जेवली नाहीये."

"आता जेवायला सांगा," आर्विद म्हणाला.

बर्निस बापाच्या मागे उभी होती. ती "थँक्यू, सर" म्हणाली आणि बापाच्या बाहीवरचा धागा काढू लागली.

नोरीनने त्या संध्याकाळी त्याच्यासाठी ॲपल पाय भाजला. तिने त्याला दारातच मिठी मारली, कोट काढण्याआधी, आणि बराच वेळ सोडलं नाही. अशी ती कधी काळी मारायची.

"ग्रंथालयात सगळे तुझंच बोलत होते," ती म्हणाली. "मला वाटलं होतं तू विरुद्ध जाशील. खरं सांगते. मला तसं वाटलं म्हणून आता वाईट वाटतंय."

"तसं वाटण्यासारखंच होतं," तो म्हणाला.

"नाही. मी तुला ओळखायला हवं होतं."

ॲपल पाय चांगला झाला होता. त्याने दोनदा घेतला.

पुढचे दिवस त्याच्या मनासारखे गेले. पलंगपोस एक दिवस तसाच होता, दुसऱ्या दिवशी पावसाने त्याची निळी अक्षरं ओघळली आणि माळ्याने तो काढून नेला. हिरवळीवर फ्रिसबी सुरू झाली. न्यूयॉर्कचा फोन आला नाही. हार्लनने मुद्दाम सांगितलं, हसून, की त्या गोड माणसाला 'काही केलं नाही' म्हटल्यावर त्याने 'अरे वा, छान' म्हणून फोन ठेवून दिला. गावातल्या व्यापाऱ्यांच्या क्लबने आर्विदला जेवणाला बोलावलं आणि भाषणस्वातंत्र्यावर चार शब्द सांगायची विनंती केली. तो गेला आणि बोलला. लोकांनी चमचे खाली ठेवून ऐकलं.

कधी कधी, वर्गातून घरी जाताना, त्याला वाटायचं की आपण खरोखरच तत्त्वासाठी बोललो. बोललेलं सगळं खरंच तर होतं. त्या बोलण्यातून एक शब्दही खोडण्यासारखा नव्हता. मग बर्निस वर्गांच्या गर्दीतून एकटी जाताना दिसायची, वह्या छातीशी धरून. कुणी तिच्याकडे वळून पाहायचं नाही. आणि त्याला आत कुठेतरी बरं वाटायचं. त्या बरं वाटण्याला तो नाव द्यायला जायचा नाही.

*

सत्र संपत आलं तेव्हा ती त्याच्या खोलीवर आली. दार अर्धवट उघडं होतं. तिने बोटाच्या पेराने वाजवलं.

"ये. बैस."

ती बसली नाही. तिच्या हातात कागदांची पातळ चळत होती.

"सर, एक विचारायचं होतं. त्या दिवशी तुम्ही म्हणालात, कुणाच्या लक्षात राहणार नाही. ते तुम्हाला खरंच वाटतं?"

आर्विदने हातातलं पुस्तक बंद केलं. "ते समितीसाठी होतं, बर्निस. लोकांना पटेल अशा भाषेत बोलावं लागतं. नाहीतर त्यांनी तुला काढून टाकलं असतं."

"माहीत आहे मला." ती कागदांच्या कडा जुळवत होती. "बाबा सगळ्या गावाला तुमचं नाव सांगतात. आई चर्चमध्ये तुमच्यासाठी मेणबत्ती लावते. मी सुटले ते बरंच झालं. फक्त... काढलं असतं तर कळलं असतं की त्यांना ऐकू आलं. आता सगळे मला म्हणतात, चला, झालं ते झालं. डेलच्या आईनेसुद्धा तेच म्हटलं."

खिडकीबाहेर गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते लांब गेलं, वळलं आणि परत जवळ आलं.

"पुढच्या वर्षी मी नाही येणार बहुतेक," ती म्हणाली. "आमच्याकडे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जागा आहे. पण त्याआधी या दाखवायच्या होत्या." तिने चळत टेबलावर ठेवली. "तेव्हापासून लिहिल्यात. तुम्ही सांगा. बऱ्या नसल्या तर मी सोडून देईन, मला वाईट वाटणार नाही. बाकीच्यांना विचारलं तर ते चांगलंच म्हणतात, मी चौकशीला बसले होते म्हणून. तुम्ही तसं नाही करणार."

"का नाही करणार?"

"तुम्ही मला 'बी' दिला होता."

त्याने पहिला कागद ओढून घेतला. पेन्सिल उचलली, सवयीने. पहिली कविता आईबद्दल होती, कपडे वाळत घालण्याबद्दल. दुसरी फार लहान होती. तिसरी बापाच्या बसबद्दल.

*बाबांच्या बसमध्ये डेलची जागा*
*अजून कुणी घेत नाही.*
*पहिलीतली पोरं, डेल कोण हे ठाऊक नसलेली,*
*तीही दांडा धरून उभी राहतात.*

त्याने पान पालटलं. पुन्हा मागे गेला. गवताचं यंत्र जवळ आलं होतं आणि खोलीत हिरवा, ओला वास भरला. त्याच्या मानेवर, कॉलरच्या आत, गरम झालं.

"कच्च्या आहेत," तो म्हणाला.

बर्निसने मान हलवली. तिचा चेहरा पडला नाही. तिने फक्त एक पाऊल पुढे येऊन कागदावर वाकून पाहिलं.

"कोणत्या ओळी, सर?"

तो वर्गात नेहमी सांगायचा, मोघम बोलू नका, ओळ दाखवा. त्याने पेन्सिल पहिल्या ओळीखाली ठेवली आणि हळूहळू खाली नेली. पेन्सिल कागदाला टेकली नव्हती. ती शेवटच्या ओळीशी पोचली, तिथे थोडी रेंगाळली आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर गेली. बर्निस वाट पाहत होती. तिला घाई नव्हती.

"मोठ्याने वाच," तो शेवटी म्हणाला. "असं डोळ्यांनी कळत नाही. कुठे मोडतंय ते आवाजात कळतं. ही, बसची वाच."

तिने कागद घेतला आणि खिडकीकडे सरकली, उजेडात. मंचावर म्हटली होती तशी तिने ती वाचली नाही. हळू, घरात बोलावं तसं वाचलं. आर्विद खाली मान घालून, पेन्सिल तयार ठेवून, कुठे मोडतंय ते ऐकत राहिला. पहिलं कडवं गेलं. दुसरं गेलं. बस बर्फात रुतते, मुलं उतरून ढकलतात, आणि बाप आरशातून मागची रिकामी जागा पाहतो, इथवर ती आली. कुठेच मोडलं नाही.

मग त्याला बाहेरच्या पावलांचा आवाज थांबल्याचं जाणवलं. एकदा थांबला, मग आणखी एकदा.

तो उठून दाराशी गेला आणि त्याने दाराची मूठ धरली. अर्धवट उघड्या दारातून त्याला पॅसेज दिसला. मिस टॉलिव्हर रोपांचा ट्रे छातीशी धरून उभ्या होत्या, ऐकू येणारा कान दाराकडे करून. त्यांच्यामागे दोन-तीन मुलं होती. एकीने पाण्याच्या नळावर वाकता वाकता तोंड वर केलं होतं आणि नळ तसाच वाहत होता. मिस टॉलिव्हरच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्याने आपल्या एकाही वाचनाला समोरच्या चेहऱ्यांवर पाहिलं नव्हतं. तो प्रत्येक वेळी ते शोधत आला होता.

"दार लावतो," तो मान वळवून म्हणाला. "आवाज बाहेर जातोय."

बर्निस वाचताना थांबली नाही. तिने ऐकलं की नाही, तेही कळलं नाही.

मूठ हातात तशीच राहिली. शेवटची ओळ संपली तेव्हा बाहेर कुणी हललं नाही. मग मिस टॉलिव्हरनी ट्रे एका हाताशी तोलला आणि त्या अर्धवट दाराजवळ आल्या. तिथून त्यांना आर्विद तेवढा दिसत होता. खिडकी दाराआड होती.

"आर्विद," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, जरा जास्तच आदराने, "ही कविता तुझी का रे?"

मागची मुलं त्याच्याकडे पाहत होती. नळावरची मुलगीसुद्धा.

आर्विदने ओठ ओले केले.

"नाही," तो म्हणाला, आणि दार सबंध उघडून बाजूला झाला.